‘रोड’ या शब्दाची मजल

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी गाडी महाराष्ट्राची हद्द ओलांडून वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांमधून उत्तरेकडे निघाली, की वाटेत ‘हट्टा रोड’ नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. नवखा उतारू फलक वाचून हट्टा आले असे समजला आणि खाली उतरला, तर त्याला गाव दिसत नाही. गाव तेथे नाहीच. गाव आत आहे, आणि या ठिकाणापासून त्या गावाकडे रस्ता जातो, एवढेच त्या फलकावरील दुसऱ्या शब्दाने सांगितलेले असते. ‘रोड’ म्हणजे रस्ता हे शाळेतील पोरही सांगेल. परंतु ‘रोड’ म्हणजे गावापासून दूर राहिलेले स्टेशन, हा अर्थ या शब्दाला रेल्वेमुळे जडला. तो विलायतेतील स्टेशनांच्या नावांतही आढळतो. शब्दाची येथवरची मजल मोठी चमत्कारिक आहे, आणि तिचा बराच भाग घोड्याच्या पाठीवरून झालेला आहे.

आपल्याकडे इंग्रजी शब्दाचे मूळ शोधावयाचे म्हटले, की प्रथम संस्कृताकडे धाव घेण्याची खोड जुनी आहे. ‘रथ’ जेथून जातो तो ‘रोड’, अशी जुळणी कोणी केली तर ती कानाला गोड लागेल. पण ती खरी नव्हे. ‘रथ’ हा लॅटिनमधील चाकाच्या ‘रोटा’ या शब्दाचा भाऊबंद आहे. ‘रोड’चे घराणे निराळे. इंग्रजीत घोड्यावर बसून जाणे यास ‘राइड’ म्हणतात. त्या क्रियापदाचे हे नाम. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या नामाचा अर्थ घोड्यावर बसणे, घोडदौड किंवा प्रवास असा होता. तो क्रियेचा वाचक होता, जागेचा नव्हे. ज्यावरून जावयाचे त्या जागेला त्या काळच्या इंग्रजांपाशी दुसरे शब्द होते. एक ‘वे’, त्याचे नाते मात्र आपल्या संस्कृत ‘वह्’ धातूशी खरोखरीच लागते. दुसरा ‘स्ट्रीट’, हा रोमन लोकांच्या फरसबंदी रस्त्यांबरोबर लॅटिनमधून आलेला. ‘रोड’ त्या वेळी या पंगतीत बसलेला नव्हता. जुन्या इंग्रजी काव्यात समुद्राला ‘हंसाची रोड’, ‘देवमाशाची रोड’ अशी नावे आहेत. आजचा वाचक त्यातून हंसांचा रस्ता असे चित्र काढतो. कवीच्या मनात हंसाची वाटचाल, त्याचा संचार हाही अर्थ होता.

घोड्यावर बसून मनुष्य कोठे जात असे? बाजारास जाई, तीर्थास जाई, पाहुणचारास जाई. पण शेजाऱ्याच्या मुलखावर चालून जाण्यासाठीही घोडाच लागे. तेव्हा ‘रोड’ म्हणजे चाल, धाड, लूट असा अर्थ त्यात प्रथमपासून होता. १६११ साली बायबलचे जे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर झाले, त्यात एके ठिकाणी राजा दाविदाला, आज कोणावर धाड घातली, असे विचारतो, आणि तेथे धाडीसाठी शब्द घातला आहे तो ‘रोड’. आजच्या इंग्रज मुलाला ते वाक्य वाचून दाविदाने त्या दिवशी रस्ता बांधला असे वाटले तर नवल नाही. स्कॉटलंडच्या बोलीत याच शब्दाचा उच्चार ‘रेड’ असा होई. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर गुरे पळवण्याच्या ज्या चढाया चालत, त्यांना तो शब्द लावीत. पुढे तो मागे पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्टर स्कॉट याने आपल्या काव्य-कादंबऱ्यांतून त्याला पुन्हा चलनात आणले. प्राप्तिकर खात्याची ‘रेड’ पडली असे आज मराठी वर्तमानपत्रे छापतात, तेव्हा त्या ‘रेड’मध्ये आणि ज्या रोडवरून अधिकाऱ्यांच्या मोटारी आल्या त्या ‘रोड’मध्ये सख्ख्या बहीणभावाचे नाते असते.

मराठी माणसाला हे अर्थांतर परके वाटण्याचे कारण नाही. आपल्यापाशी ‘स्वारी’ हा शब्द आहे. फारसीतील ‘सवार’ म्हणजे घोड्यावर बसलेला. त्यावरून स्वारी म्हणजे घोड्यावर बसणे, त्यावरून मोहीम, त्यावरून थोरामोठ्यांचा लवाजमा, आणि शेवटी तो थोर माणूसच. ‘आज स्वारी कोठे निघाली?’ असे घरातील माणसे घरधन्याविषयी थट्टेने म्हणतात, तेव्हा त्या धन्यापाशी घोडा तर नसतोच, बहुधा सायकलही नसते. मोल्सवर्थने १८५७ च्या आपल्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा शब्द नोंदविला, तेव्हा मोहिमांचा काळ सरून गेला होता, पण शब्दाचा दरारा शिल्लक होता. इंग्रजांनी घोडदौडीवरून धाड केली, मराठ्यांनी घोडदौडीवरून मोहीम केली. दोन भाषांनी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

एकाच्या तोंडी जी मोहीम, तिला दुसऱ्याच्या तोंडी काय नाव मिळते, तेही पाहण्यासारखे आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करपंत कोल्हटकर यांनी १७४१ साली छत्तीसगडातील रतनपूर घेतले, आणि पुढल्याच साली नागपूरचे घोडे बंगालात उतरले. या फौजांत ज्यांना सरकारातून घोडा मिळे ते ‘बारगीर’. मराठीत बारगीर म्हणजे केवळ एका प्रकारचा शिपाई; शिलेदाराहून एक पायरी खालचा. बंगाली भाषेने तोच शब्द ‘बर्गी’ असा घेतला आणि त्याचा अर्थ केला लुटारू. दहा वर्षे हे चालले. १७५१ साली ओरिसा आणि चौथाईचा करार पदरात पडून ते थांबले, पण बंगालच्या आया मुलांना निजवताना त्या बर्गींचे नाव घेत राहिल्या. नागपूरच्या बखरीत जी स्वारी, ती मुर्शिदाबादेकडे ‘रेड’ होती. शब्दाचा अर्थ घोड्यावर कोण बसले आहे आणि उभ्या पिकात कोण उभा आहे यावर ठरतो, आणि कोश लिहिणारा बहुधा पहिल्याच्या पदरी असतो.

हट्टा गावाने अशा घोडदौडीचा काळ पाहिलेला आहे. गोंड राजांची सत्ता, मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर कंपनी सरकार, अशा क्रमाने हा मुलूख हातोहात गेला. बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग तोडून करण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भंडाऱ्याच्या आणि बालाघाटच्या सोयरिकी मात्र राज्याच्या सीमेला विचारून झालेल्या नव्हत्या. त्या पूर्वीसारख्याच चालू राहिल्या, आणि या पट्ट्यात मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच बाजारात बोलल्या जातात.

या गावात एक मोठी बावडी आहे. जमिनीखाली मजल्यामागून मजला उतरत जाणारी, दगडी खांबांची, बसा-उठावयास ओवऱ्या असलेली. गोंड राजवटीतील म्हणून ती ओळखली जाते, आणि आज ती राज्याच्या संरक्षित स्मारकांत मोडते. अशी बावडी हे निव्वळ पाणी भरण्याचे ठिकाण नव्हे. घागरभर पाण्यासाठी कोणी मजले खणत नाही. उन्हाच्या दिवसांत माणसांनी आणि जनावरांनी थांबावे, सावलीला बसावे, रात्र काढावी, अशी ही सोय असे. वाटसरू, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून घाट चढउतार करणारे वंजाऱ्यांचे तांडे आणि राजाची शिबंदी, तिघांचीही गरज अशा ठिकाणी भागे. जेथे पाणी तेथे मुक्काम, आणि जेथे मुक्काम तेथून वाट. जुन्या काळी रस्ता म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ नव्हती. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतची मजल म्हणजे रस्ता. ‘रोड’ या शब्दाचा जो मूळ इंग्रजी अर्थ, त्याच्याशी ही कल्पना अगदी जुळते. तेव्हा हट्ट्याला ‘रोड’ नव्हता असे म्हणता येणार नाही. त्या काळी रस्ता गावातून जात होता, एवढा साधा भेद.

संस्कृतात ‘हट्ट’ म्हणजे बाजार. त्यावरूनच आपला हाट आला. मराठीत ‘हट्ट’ म्हणजे आग्रह. तो ‘हठ’पासून आलेला. आणि हट्टा नावाची गावे दमोह जिल्ह्यात आहेत, आपल्या हिंगोली जिल्ह्यातही आहेत. मराठीत ‘रोड’ हा देखील एक अस्सल देशी शब्द आहे, म्हणजे कृश, वाळलेला, त्यावरून ‘रोडावणे’. पावसाळ्यानंतर कडा खचून अर्धा उरलेला रोड पाहिला, म्हणजे दोन्ही शब्द एकाच फलकावर शोभतात. असो.

क्रियेचा वाचक असलेला हा शब्द जागेचा वाचक केव्हा झाला? सोळावे शतक संपता संपता. शेक्सपिअरच्या नाटकांत तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची वाट या अर्थाने येऊ लागतो, आणि ही त्या अर्थाची अगदी आरंभीची उदाहरणे आहेत. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या उणीपुरी तीसपस्तीस वर्षे आधी. त्यापूर्वी मात्र दर्यावर्दी लोकांनी हा शब्द आपल्याकडे ओढून नेला होता. नांगर टाकून लाटांवर डोलणारे जहाज हे घोड्यावर बसलेल्या स्वारासारखे दिसते. इंग्रजीत जहाज नांगरावर ‘राइड’ करते असेच म्हणतात. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या, वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोशाच्या पाण्याला ‘रोड’ हे नाव पडले. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर ‘हॅम्प्टन रोड्स’ म्हणून विख्यात बंदर आहे. तेथे ‘रोड्स’ म्हणजे रस्ते नव्हेत, पाणी आहे.

पुढे रस्ते बांधणारे आले. जॉन लाउडन मॅकअॅडम या स्कॉटिश गृहस्थाने खडी बारीक फोडून थरांनी दाबावयाची रीत घालून दिली, आणि रोड हा घोड्याचा न राहता चाकाचा झाला. हिंदुस्थानात कंपनी सरकारने आणि मागून राणीच्या सरकारने अशा खडीच्या सडका काढल्या. नागपुराहून रायपूरकडे जाणाऱ्या सडकेला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ असे भारदस्त नाव मिळाले. आपण मराठीत ‘वाट’ म्हणतो ती ‘वर्त्मन्’वरून, ‘मार्ग’ म्हणतो त्याचा संबंध ‘मृग’ म्हणजे रानातील श्वापदाच्या मागाशी, आणि ‘रस्ता’ म्हणतो तो फारसीतून, ज्याच्या मुळाशी ‘सरळ’ हा अर्थ आहे. श्वापदाचा माग, वळणाची वाट, सरळ रस्ता आणि घोडदौडीचा रोड! चारही शब्द एका खेड्यात एकाच दिवशी वापरले जातात आणि कोणाची गल्लत होत नाही. गंमत एवढीच, की मराठीत रोड ‘झाला’ आणि हिंदीत बहुधा ‘सड़क’च्या सहवासाने रोड ‘बन गई’. गोंदियाहून बालाघाटला जाताना हा शब्द हद्दीवर आपले लिंग बदलतो.

आता लोहमार्गाकडे वळावयाचे. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरकडे अरुंद रुळांचा, म्हणजे दोन फूट सहा इंच रुंदीचा, सातपुडा मार्ग टाकला तो १९०३ ते १९०५ या सालांत. (आता तेथे रुंद रूळ आहेत.) लोहमार्ग घालणाऱ्या इंजिनियराचे गणित बावडीच्या गणिताहून निराळे असते. त्याला चढ कमी हवा, नद्यांवरील पूल थोडे हवेत, आणि दोन मोठ्या ठिकाणांमधील अंतर तुटावयास हवे. मधली गावे हा त्याच्या हिशेबातील मोठा आकडा नसतो. तेव्हा कित्येक नांदती गावे रुळांपासून कोस-दोन कोस, क्वचित त्याहूनही लांब राहिली. अशा गावाच्या सर्वांत जवळच्या ठिकाणी स्टेशन करावयाचे आणि त्याला गावाचे नाव देऊन पुढे ‘रोड’ जोडावयाचे, ही रेल्वे कंपन्यांची तोड होती. त्या एका शब्दात एक कबुली आहे आणि एक आश्वासनही आहे. गाव येथे नाही, ही कबुली. येथून रस्ता आहे, हे आश्वासन. कबुली सर्वत्र खरी ठरली. आश्वासनाचे तसे सांगता येत नाही; पावसाळ्यात चिखल तुडवून स्टेशन गाठणाऱ्या पिढ्यांनी त्याचा अनुभव घेतलेला आहे.

महाराष्ट्रात या ‘रोडां’चे नशीब एकसारखे निघाले नाही. तुमसर रोड हे स्टेशन देव्हाडीला आहे. गावाच्या नशिबाने मॅंगनीजच्या खाणींकडे, तिरोडीच्या बाजूस फाटा निघाला, म्हणून तुमसरला स्वतःचे स्टेशनही लाभले. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी तिला वळसा घालून गेली आणि वीस-बावीस मैलांवर ‘बार्शी रोड’ तेवढे ठेवून गेली. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे काढली. तिची रुंदीही सातपुडा मार्गाइतकीच, दोन फूट सहा इंच. ती पुढे पंढरपूर आणि लातूरपर्यंत गेली, वारकऱ्यांची झाली. आणि ‘बार्शी रोड’? ते कुर्डुवाडी या आपल्या नावाने मोठे झाले. आज कोणी बार्शी रोडचे तिकीट मागितले, तर खिडकीतला कारकून चष्म्यावरून पाहील.

कुंडल रोडची कथा याहून न्यारी. औंध संस्थानातील कुंडल गावासाठी ठेवलेल्या त्या स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेली ओसाड जमीन होती. १९१० साली संस्थानाधिपतींच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तेथे आपला नांगरांचा कारखाना आणून वसाहत केली. गाव रुळांपासून दूर राहिले, म्हणून रुळांपाशी दुसरे गाव झाले, आणि पुढे स्टेशनानेच आपले नाव बदलून किर्लोस्करवाडी असे घेतले. नाशिक रोडने नाव टाकले नाही, पण शहर मात्र स्वतःचे केले. नोटा आणि तिकिटे छापणारे सरकारी छापखाने तेथे आले, आणि १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली तेव्हा ते तिच्यात सामील झाले. गाव आणि त्याचा रोड यांच्यामध्ये मोकळी जमीन उरली नाही.

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर तर एकाच गाडीत हा शब्द दोन अर्थांनी भेटतो. चर्चगेटहून निघाल्यावर लागणारे ग्रँट रोड हे खरोखरीच्या रस्त्याचे नाव आहे. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट याच्या नावाचा तो रस्ता. पुढे तासाभराने मीरा रोड, वसई रोड, आणि त्याहीपुढे केळवे रोड, डहाणू रोड येतात, तेथे ‘रोड’ म्हणजे हट्ट्यातला रोड, गाव आत आहे असे सांगणारा. रोज सकाळी लाखो माणसे या अर्थांतरावरून धडधडत जातात.

हट्टा रोडला कारखाना आला नाही, छापखाना आला नाही. स्टेशन लहान राहिले, आणि गाव आपल्या जागी, आपल्या बावडीपाशी राहिले. पण शब्दांच्या दृष्टीने तेथे जे घडले ते कुर्डुवाडीतही नाही आणि किर्लोस्करवाडीतही नाही. अशा स्टेशनाबाहेर बैलगाडीवाला, टांगेवाला आणि आता रिक्षावाला उतारूंची वाट पाहत उभा असतो. या भागात उतारूला काय म्हणतात? ‘सवारी’. ज्या शब्दाने एके काळी नागपुराहून निघालेली फौज ओळखली जाई, तोच शब्द आता पिशवी घेऊन गाडीतून उतरलेल्या एका माणसासाठी आहे, आणि त्याला ‘रोड’वरून गावाकडे न्यावयाचे आहे. दोन्ही शब्दांचे घोडे केव्हाच मेले.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. स्वराज्याला पन्नास वर्षे होऊन गेली होती, स्टेशनांची इंग्रजी नावे बदलण्याची चळवळ जोरात होती, बॉम्बेची मुंबई झालेली होती. नव्या मार्गावर सावंतवाडीचे स्टेशन शहरात न येता मळगावला आले. तेव्हा त्याच्या फलकावर काय लिहावे हा प्रश्न निघाला असता, तर मार्ग, वाट, रस्ता, फाटा असे कितीतरी शब्द हाताशी होते. फलकावर लिहिले गेले ते ‘सावंतवाडी रोड’.